वाळवी आणि पाच माणसे

आमच्या मोहल्ल्यांत अलीकडे सर्वांत जास्त खपणारी चीज कोणती असेल तर ती 'सुकून'. जुम्याच्या बयानात सुकून, रमजानच्या जलशात सुकून, पहाटे मोबाइलवर येऊन पडणाऱ्या दुआंत सुकून. देशात काही उलथापालथ झाली, निवडणुकीचा निकाल लागला, कुठल्या मशिदीखाली काय पुरले आहे याचा नवा दावा निघाला, फळाच्या हातगाडीवाल्याला नाव विचारून हुसकावले गेले, २०२५ साली वक्फचा दुरुस्ती कायदा आला, की दुसऱ्याच दिवशी मोहल्ल्यातली बुजुर्ग मंडळी एकच वाक्य सांगतात : ''चुप बैठो, अल्ला देखता.''

अल्ला पाहतो, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तो फक्त जुलूम करणाऱ्यालाच पाहतो आणि गप्प बसलेल्याला पाहत नाही, असे या मंडळींना कोणी सांगितले?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ज्याचे दुकान जळाले, ज्याचा मुलगा परत आला नाही, त्याने जानमाजवर बसून रडावे, तस्बीह फिरवावी, झोप येईपर्यंत आयती पुटपुटाव्यात. त्याला सब्राचा अर्थ शिकवायला आम्ही जाणार नाही. तेवढा अदब आम्हाला आहे. आमचे भांडण आहे ते ज्यांचे काहीही जळालेले नाही आणि जे जळालेल्यांना सब्र विकतात, त्यांच्याशी. हा धंदा केवळ आमच्याकडेच चालतो असेही नाही. आमच्या हिंदू मित्रांच्या वस्त्यांतही श्वास आत घ्या, श्वास बाहेर सोडा, राजकारणाचा विचार मनात आणू नका, असे शिकवणारी शिबिरे जोरात आहेत. शेजारच्या गल्लीत दगड पडत असताना श्वासाकडे लक्ष देण्याला अध्यात्म म्हणतात, हे त्यांनी कुठल्या संतांकडून घेतले कोण जाणे. ते त्यांचे त्यांनी पाहावे. आम्हाला आमच्या घरातले बोलायचे आहे.

आमच्या घरात सब्राच्या समर्थनार्थ नेहमी जो किस्सा सांगितला जातो, तोच आधी घेऊ.

नबुव्वतीच्या सातव्या वर्षाच्या सुमारास मक्केच्या कुरैशांनी बनू हाशिम आणि बनू मुत्तलिब या दोन घराण्यांवर बहिष्कार टाकला. त्यांच्याशी सोयरीक नाही, खरेदी नाही, विक्री नाही. तसा करार लिहून काबागृहात टांगला गेला. सुमारे तीन वर्षे पैगंबर, त्यांचे नातेवाईक आणि अनुयायी अबू तालिबच्या घाटीत अडकून पडले. झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. घाटीतून पोरांच्या रडण्याचा आवाज बाहेर ऐकू येत असे, असे सीरतकारांनी लिहून ठेवले आहे. आज 'यांच्याकडून काही विकत घेऊ नका' अशा आरोळ्या ऐकणाऱ्या आमच्या भाजीवाल्याला, मटणवाल्याला, बांगड्या विकणाऱ्या बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पुढे काय झाले? आमचे वाइज डोळे मिटून सांगतात की सब्राचे फळ मिळाले, अल्लाने वाळवी पाठवली, वाळवीने तो करारनामा खाऊन टाकला, फक्त अल्लाचे नाव तेवढे शिल्लक ठेवले. सुबहानल्ला! जलसा संपतो, लोक चपला शोधू लागतात.

वाळवीची कथा खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या सीरतच्या ग्रंथांत वाळवी आहे, त्याच ग्रंथांत पाच माणसेही आहेत. हिशाम बिन अम्र हा त्यांतला पहिला. रात्री उंटावर धान्य लादायचा, उंट घाटीच्या तोंडाशी आणायचा आणि त्याला आत हाकलून द्यायचा. हा मनुष्य मग एकेकाला जाऊन भेटला. जुहैर बिन अबी उमय्या, मुतइम बिन अदी, अबुल बख्तरी, जमआ बिन अस्वद. प्रत्येकाचा सवाल तोच : मी एकटा काय करणार? हिशामचे उत्तरही तेच : दुसरा मी आहे, तिसरा शोधू. दुसऱ्या दिवशी काबेच्या आवारात जुहैर उभा राहिला आणि भर सभेत म्हणाला की आपण खातोपितो आणि ही माणसे उपाशी मरतात, हा करार जुलमी आहे. अबू जहल उसळला, तशी बाकीची चौघे एकेक करून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उठली. करारनामा फाडायला मुतइम पुढे गेला, तेव्हा तो वाळवीने खाल्लेला आढळला.

म्हणजे वाळवीने कागद खाल्ला असेलही; पण त्या कागदाचा अंमल मोडला तो पाच माणसांनी तोंड उघडल्यावर. आणि त्या पाचांतला एकही त्या वेळी मुसलमान नव्हता. आपल्याच जमातीच्या विरोधात, आपल्याच जमातीच्या चौकात उभे राहून त्यांनी गवाही दिली. याच मुतइमने पुढे तायफहून परतलेल्या पैगंबरांना मक्केत शिरण्यासाठी आश्रय दिला. तो शेवटपर्यंत मुसलमान झाला नाही. तरी त्याचे उपकार पैगंबर विसरले नाहीत; बद्रच्या लढाईनंतर त्यांनी त्याची आठवण काढली, ती हदीसमध्ये नोंदलेली आहे.

आमचे वाइज वाळवी सांगतात आणि ही माणसे गाळतात. का गाळतात? वाळवी सांगितली की ऐकणाऱ्यावर काहीच जबाबदारी पडत नाही. माणसे सांगितली की प्रश्न येतो : आज आपल्या गावात ती पाच माणसे कोण? आणि दुसऱ्या कुणाच्या घाटीतून पोरांचे रडणे ऐकू येत असेल, तर आपण त्या पाचांत आहोत का?

'शहादत' हा शब्द आमच्याकडे गळ्यात हार घालण्यापुरता उरला आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ साक्ष. कलिमा उच्चारताना आपण साक्षच देतो. कोर्टातला शाहिद आणि मैदानातला शहीद एकाच धातूतून निघाले आहेत. सूरह निसाच्या एकशे पस्तिसाव्या आयतीत ईमानवाल्यांना न्यायावर ठाम राहण्याची आणि अल्लासाठी साक्षी होण्याची आज्ञा आहे. मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी. सूरह माइदाची आठवी आयत बजावते की एखाद्या कौमच्या द्वेषापायी न्याय सोडू नका. आणि ज्या छोट्याशा सूरह असरचा हवाला देऊन सब्र शिकवला जातो, तिथे सब्र एकटा आलेला नाही. त्याच्या आधी 'हक' आला आहे. हक सांगितल्यावर जे भोगावे लागते, ते सोसण्याचे नाव सब्र. हक सांगितलाच नाही तर सोसायचे काय? राजकीय वादळात माणसाला रूहानी अर्थ सापडतो तो इथे, या गवाहीत, असे आम्ही मानतो. इस्लामी सनाची सुरुवातसुद्धा पैगंबरांच्या जन्मापासून किंवा पहिल्या वहीपासून धरलेली नाही. घरदार सोडून करावी लागलेल्या हिजरतीपासून धरली आहे. कालगणनाच ज्या धर्माने अशा उलथापालथीपासून मोजली, त्याच्या अनुयायांनी वादळ आले की खिडक्या लावून घ्याव्यात?

आता सोलापूरकडे वळू. सोलापूरला हुतात्म्यांची नगरी म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांचे चार पुतळे गावात आहेत. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, नंतर ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली गेली. दर जानेवारीत पुतळ्यांना हार पडतात. आमच्यावर देशद्रोहाचा संशय घेतला गेला की आम्हीही कुर्बान हुसेन यांचे नाव खिशातल्या ओळखपत्रासारखे काढून दाखवतो. बघा, आमचाही एक होता!

हा वापर आम्हाला खटकतो. कुर्बान हुसेन हे काही आमच्या वफादारीचे सर्टिफिकेट नव्हेत. ते विशीतले तरुण होते, गिरणी कामगारांत वावरत होते, 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत होते. विशीतल्या पोराला मार्शल लॉच्या गावात पत्र काढायची हिंमत कुठून येते, हा खरा प्रश्न आहे. तो त्या वेळी नमाजला किती वेळा गेला याचा हिशेब आम्हाला ठाऊक नाही आणि नकोही आहे. आपल्या गावावर काय चालले आहे ते गावाला छापून सांगणे, ही त्याची शहादत फाशीच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती. आज त्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना विचारावे, की त्याच्यासारखा एखादा पोरगा आज मोहल्ल्यात पत्र काढू लागला तर तुम्ही त्याला जाहिरात द्याल, की त्याच्या अब्बांना बोलावून ''पोराला आवरा'' म्हणाल?

कुर्बान हुसेन परक्या सत्तेविरुद्ध उभे राहिले, ते त्या मानाने सोपे होते असे कोणी म्हणेल. तर मग शोएबुल्ला खान घ्या. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक काढणारा हा संपादक. निजामाचे राज्य, मुसलमानांची सत्ता, रस्त्यांवर रझाकार. त्या काळात तो लिहीत होता की संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांची दांडगाई थांबवावी. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारले. ज्या हाताने लिहीत होता तो हातही तोडला. सूरह निसाच्या त्या आयतीचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे कुठे सापडेल? आमच्या किती मदरशांत, किती उर्दू शाळांत त्याचे नाव घेतले जाते? रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी मात्र सगळ्यांना माहीत असतो. हिंदुत्ववाद्यांना तो आम्हाला टोचण्यासाठी लागतो, आणि आमच्यातल्या काहींना तो गुपचूप मर्दासारखा वाटतो. दोघांनाही शोएबुल्ला नको असतो.

शोएबुल्लाच्या खुनानंतर महिनाभराच्या आत पोलीस ॲक्शन झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेची मुख्य आघाडी सोलापूरहूनच नळदुर्गच्या रस्त्याने निघाली. रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले, ही त्यातली एक बाजू. आमच्या गावाला ती पाठ आहे, आणि ती खरीच आहे. दुसरी बाजू पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने लिहिली. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. यांतला उस्मानाबाद, आजचा धाराशिव, आमच्या उंबऱ्याला लागून आहे. अहवालात सोलापूरचे नाव आहे आणि ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. हल्ल्यांत भाग घेणारी काही सशस्त्र माणसे सोलापूरसारख्या शहरांतून गेली होती आणि पळवलेल्या काही बायका संस्थानाबाहेर ज्या शहरांत आणल्या गेल्या, त्यांतही सोलापूर होते, अशी ती नोंद आहे.

हा अहवाल पासष्ट वर्षांच्या आसपास सर्वसामान्यांपासून दूर ठेवला गेला. २०१३ साली तो दिल्लीत वाचायला मिळू लागला. सरकारने लपवला, हे समजण्यासारखे आहे. सरकारे तेच करतात. पण आम्ही काय केले? आमच्या मावश्या, खाला, फुफ्या, ज्या त्या वर्षी नळदुर्ग-उमरगा-तुळजापूरच्या बाजूने रात्रीच्या अंधारात चालत आल्या, त्यांना आमच्या समाजाने एवढेच सांगितले : झाले गेले विसरा, इज्जतीचा मामला आहे. तिथेही सब्रच. त्या बायका तोंड शिवून कबरीत गेल्या. त्यांच्या दुःखाला अर्थ देण्याची जी एकमेव रीत होती, ते ऐकून घेणे, ती आम्ही त्यांना नाकारली. आता त्याच मोहल्ल्यांत औरतोंका इज्तेमा भरतो आणि त्यात विषय असतो, 'दिल का सुकून'.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद सोलापूरच्या प्रत्येक मागवाल्याने पाठ करावी अशी आहे. माणुसकी कुठे टिकली, हेही समितीने लिहून ठेवले. एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये ती विशेष घट्ट आढळली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्ल्यांपासून वाचवले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. पळवलेल्या बायकांना परत आणण्यातही अनेक हिंदूंनी मदत केली. हे त्या घाटीतल्या पाच माणसांचेच वारसदार. सोलापूरची चादर विणणारे हात पद्मशाली आहेत, मोमीन आहेत, आणखी कितीतरी जातींचे आहेत. २००५ साली त्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या विणकरांबद्दल भाषणे झाली. पण १९४८ साली शेजारच्या मागासाठी जीव देणाऱ्या विणकराचे नाव कुणाला ठाऊक नाही. त्याचा पुतळा नाही, त्याच्या नावाची बोळसुद्धा नाही. ना हिंदूंनी त्याची आठवण ठेवली, ना आम्ही. आमच्या जखमांची यादी आम्हाला मुखोद्गत असते. आमच्यासाठी ज्यांनी जखमा घेतल्या त्यांची यादी आमच्याकडे नसते. ज्या पैगंबरांनी मुतइमची आठवण ठेवली, त्यांच्या उम्मतीला हे शोभते का?

आता ऑक्टोबर २००२. हा विषय काढला की सोलापुरात आजही माणसे मान खाली घालतात किंवा आवाज चढवतात. जेरी फॉलवेल नावाच्या अमेरिकन पाद्र्याने तिकडच्या टीव्हीवर पैगंबरांना दहशतवादी म्हटले. ११ ऑक्टोबरला, शुक्रवारी, सोलापुरात बंद पुकारला गेला. बंदचे दंगलीत रूपांतर झाले, गोळीबार झाला, माणसे मेली, कर्फ्यू लागला. गुजरातला जेमतेम सात-आठ महिने झाले होते. हवेत दारू भरलेलीच होती. त्या पाद्र्याने पुढे आपल्या शब्दांबद्दल माफी मागितली. सोलापुरात मेलेले परत आले नाहीत.

पोलिसांनी काय केले, दुसऱ्या बाजूच्या संघटनांनी काय केले, यावर त्या वर्षी पुष्कळ लिहून झाले, आणि ते लिहायलाच हवे होते. आम्हाला दुसरी गवाही द्यायची आहे. पैगंबरांची बेअदबी झाली, आपल्याला वेदना झाल्या. ती वेदना खरी होती. पण अटलांटिकपलीकडच्या माणसाच्या उद्गाराचा निषेध म्हणून ज्याचे शटर बळजबरीने खाली ओढले जाते, तो अक्कलकोट रस्त्यावरचा चहावाला असतो. बंद पुकारणाऱ्या पुढाऱ्याचा दिवस वर्तमानपत्रात छापून येतो, हातगाडीवाल्याचा दिवस चुलीत जातो. त्यात कुठला इश्क-ए-रसूल आला?

लोक पैगंबरांच्या सहनशीलतेची उदाहरणे देताना कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट हदीसच्या प्रमाण ग्रंथांत सापडत नाही, हे जाणत्या आलिमांनीच सांगितले आहे. तायफची मात्र सापडते. तायफच्या लोकांनी गुंड आणि पोरेटोरे मागे लावून त्यांना दगड मारले. सोबत असलेल्या जैद बिन हारिसांनी दगड अंगावर झेलले. चपला रक्ताने भरल्या. एका मळ्यात टेकले, तेव्हा अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने द्राक्षे आणून दिली. पुढे डोंगरांचा फरिश्ता विचारतो की या लोकांना दोन डोंगरांमध्ये चिरडून टाकू का, आणि उत्तर येते की नको, यांच्या पोटी जन्मणारे कदाचित अल्लाला मानतील. हे बुखारीत आहे. तायफला जाणे हे घरात बसणे नव्हते. ते शहराच्या सरदारांसमोर उभे राहणे होते. आणि चिरडायची ताकद हाताशी असताना ती नाकारणे, हा सब्र. आमच्याकडे याच्या बरोबर उलट घडते. एक दिवस बंद आणि दगड, नंतर दहा वर्षे 'चुप बैठो'. दोन्ही वेळेला हक सांगायचे काम राहूनच जाते.

२ जून २०१४ रोजी रात्री पुण्यात हडपसरला सोलापूरचा एक तरुण मारला गेला. आयटीत नोकरी करणारा, नमाज आटोपून घरी जाणारा. समाजमाध्यमावरच्या ज्या चित्रांमुळे गाव तापले होते, त्यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. डोक्यावर टोपी होती, चेहऱ्यावर दाढी होती, तेवढे पुरले. जानेवारी २०१७ मध्ये काही आरोपींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने, मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, अशा अर्थाचे लिहिले आणि ती बाब आरोपींच्या बाजूची मानली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. साडेआठ वर्षे. पुण्यासारख्या शहरात, लोकांचा राबता असलेल्या भागात, हॉकी स्टिकने एक माणूस मारला जातो आणि साक्ष उभी राहत नाही!

त्या पोराच्या घरी सोलापुरात ताजियतीला किती गर्दी झाली असेल. सगळ्यांनी सब्राची तलकीन केली असेल. त्या सबंध साडेआठ वर्षांत सुनावणीच्या तारखेला पुण्याच्या कोर्टात जाऊन बसणारे त्यांतले किती? आमच्या समाजात मयतीला जाणे सवाबचे काम मानतात. तारखेला जाणे सवाबचे आहे, असे एकाही मिंबरावरून आम्ही ऐकले नाही. त्यानंतर २०२३ साली सातारा जिल्ह्यात पुसेसावळी झाले, २०२४ साली विशाळगडाच्या वाटेवर गजापूर झाले. तिथले खटले कुठवर आले हे आपल्या मशिदीच्या जमातीत कितीजणांना सांगता येईल? चांद कधी दिसणार यावर मात्र तीन तट पडतात.

यावर आमचे पुरोगामी मित्र म्हणतील की आम्ही हेच सांगत होतो, धर्म बाजूला ठेवा, संविधान हाती घ्या. मित्रहो, संविधान आमच्या हातात आहेच. प्रश्न असा की ते हातात धरून उभे राहण्याचे बळ एखाद्या बीडी वळणाऱ्या खालाला कुठून मिळते. तिला ते अल्लाच्या नावातून मिळत असेल तर तुम्ही का हिरावता? आणि दुसऱ्या बाजूने हीच मंडळी आमच्या सूफी-संतांची आरास करतात. सद्भावनेची परिषद भरली की दर्ग्याचे चित्र, कव्वालीचा कार्यक्रम आणि शेख महंमदांचे नाव ठरलेले. शेख महंमद श्रीगोंद्याचे. निजामशाही ढासळत होती, मोगलांच्या फौजा फिरत होत्या, १६३० च्या दुष्काळाने दख्खन ओसाड पडली होती, अशा सतराव्या शतकात या मुसलमान माणसाने मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. ग्रंथाच्या नावातच संग्राम आहे. ढोंगी गुरू आणि ढोंगी फकीर दोघांवरही त्यांनी कोरडे ओढले. आज त्यांच्या समाधीला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावर गावात भांडण आहे. इमारत सगळ्यांना हवी, कोरडे कुणालाच नकोत.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख. ते कम्युनिस्ट होते म्हणून आमच्या धार्मिक मंडळींनी त्यांना आपल्यात धरले नाही, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा शाहीर म्हणून ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांना ते मेहबूब हुसेन पटेल होते याची आठवण नको असते. त्यांच्या डफावर लाखालाखाच्या सभा उभ्या राहत. गिरणीत राबलेल्या माणसाची भूक भर चौकात सांगणे ही गवाही नव्हे, असे कोणी आलिम सिद्ध करून दाखवील तर आम्ही ऐकायला तयार आहोत.

आणि शेवटी आमच्या लिहिणाऱ्या जमातीकडे यायला हवे, नाहीतर हा लेख दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यापुरता उरेल. मार्च १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष फ. म. शहाजिंदे. त्याच वर्षी करमाळ्याचे यू. म. पठाण अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले होते, तरीही वेगळे संमेलन हवे कशाला, असे टोमणे मारले गेले. बाबरीचे वादळ घोंगावत होते. अडवाणींची रथयात्रा सहा महिन्यांवर होती. फकरुद्दीन बेन्नूर, अजीज नदाफ आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या काळात हा घाट घातला, तो सुकूनसाठी नव्हे. आम्ही कोण आहोत ते आमच्या मराठीत आम्हीच सांगू, दंगलीतले प्रेत म्हणून किंवा शायरीतला नवाब म्हणून आम्हाला कोणी रंगवू नये, हा त्यामागचा आग्रह होता. बेन्नूर सरांनी उच्चवर्णीयांच्या इतिहासलेखनाला जाब विचारला तसा आमच्यातल्या अश्राफांनाही विचारला, आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले.

आज आमचे साहित्य कुठे आहे? वार्षिकांचे अंक चाळा. ईदच्या शिरखुर्म्यावर ललित लेख, आईच्या नमाजावर कविता, हिंदू शेजाऱ्याने रोजा सोडवल्याच्या कथा. वाईट नाहीत. पण हे सारे गोड गोड लिहिणे म्हणजे आमच्याबद्दल भिऊ नका, अशी दुसऱ्यांची काढलेली समजूत आहे. तोही सुकूनचाच धंदा, फक्त गिऱ्हाईक वेगळे. २००२ च्या सोलापूरवर आमच्या हाती एकही कादंबरी नाही. १९४८ च्या बायकांवर नाही. पुण्याच्या त्या खटल्यात कोर्टाबाहेर बसलेल्या बापावर नाही. तो बाप निकाल ऐकायला उरला नव्हता.

१९४८ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या घरात आहे. अशा बायका सोलापुरात, अक्कलकोटला, नळदुर्गला अजून काही घरांत आहेत. त्यांच्या सुना म्हणतात की दादी दिवसभर तस्बीह घेऊन बसते, काही बोलत नाही. तिला विचारा. अहवालातल्या त्या विणकरासारखा एखादा तिने पाहिला असेल तर त्याचे नाव, जात, गाव विचारून घ्या. आपल्या माणसांनी त्याआधी कुणावर हात टाकला असेल तर तेही विचारा, आणि ती सांगेल ते गाळू नका. २००२ मध्ये ज्यांची गाडी जळाली, ज्यांनी कुणाला घरात लपवले, जे कुणाच्या घरात लपले, त्यांचेही लिहून घ्या. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाइलमध्ये बोलणे भरून घ्या, दादी दख्खनीत बोलली तरी चालेल. तारीख आणि मोहल्ल्याचे नाव तेवढे विसरू नका. अंकाची पाने कमी पडली तर कविता पुढच्या वर्षी छापू.